वाजता टाळ

पुण्याहून सासवडला जायचा दिवस ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्यात सगळ्यांत लांबचा. तीसएक किलोमीटरची चाल, मध्ये दिवेघाट, आणि वर ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपास. त्या दिवशी मी मित्राला मागे टाकून पुढे गेलो. भांडून नव्हे. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. तो रथ वळणं घेत वर चढताना पाहायचा, एवढाच हट्ट. "तू ये सावकाश," म्हणालो आणि निघालो. त्याच्या टाचेला हडपसरलाच फोड आला होता. ते मला ठाऊक होतं.

सासवडला तो राहुटीत पोचला तेव्हा अंधार पडला होता. अंथरुणावर पडल्या पडल्याच मी विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो." मी खुशाल झोपलो.

दुसऱ्या दिवशी दिंडीतल्या एका आजींनी त्याची टाच मांडीवर घेतली. सुईत दोरा ओवला, हळदीच्या तेलात बुडवला, फोडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडून काढला आणि दोन्ही टोकं लोंबती ठेवून कापला. "फोडायचा नाही, माउली. कातडं निघालं की आग होते. दोरा राहू द्या, पाणी आपोआप झिरपतंय." तो हसला. मीही हसलो. पुढे जेजुरीत आमच्यावर भंडारा उधळला गेला, वाल्ह्याचा मुक्काम झाला, नीरेत पादुकांचं स्नान पाहिलं. आम्ही चहाबद्दल बोलत होतो, पावसाबद्दल, चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याबद्दल. दिवसभर अनोळखी माणसांना माउली म्हणायचं, वाकून पाया पडायचं. त्यात मन इतकं हलकं होतं की आपल्या हातून काही चुकलं असेल, असं वाटतच नाही.

लोणंदला समाजआरतीला उभे होतो. आजच्या सोहळ्याची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली, १८३२ च्या सुमाराला. तळावर दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार दंड उंचावून 'होऽऽ' अशी हाळी देतात, आणि एवढा मोठा तळ एका क्षणात चिडीचूप होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने गप्प बसायचं नसतं. तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार स्वतः चालत तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. ते मिटल्यावर टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि मग आरती.

त्या संध्याकाळी डावीकडच्या एका दिंडीचे टाळ थांबेनात. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मित्र माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "माझेही वाजताहेत. एकादशीपासून."

मला काही सुचेना.

"घाटात चक्कर आली होती मला. कुणा माउलीने पाणी पाजलं, सावलीत बसवलं. मी वर बघून तुला शोधत होतो."

तिकडे टाळ थांबले. चष्मा सापडल्याचं सांगितलं, एक पितळी तांब्या, कुणाची तरी पडशी. चोपदार तक्रारीपर्यंत चालत गेले होते. मी अंथरुणावरून विचारलं होतं, आणि त्याच्या 'हो'ला शांतता समजून बसलो होतो. "चुकलं माझं," म्हणालो. एवढंच. त्याने मान डोलावली. आरती सुरू झाली तेव्हा त्याने स्वतःचा टाळ माझ्या हातात दिला आणि आपण टाळ्या वाजवू लागला.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना वारकरी, मधून अश्व धावणार. मी त्याला पुढे सरकवलं आणि मागे उभा राहिलो. तो चवड्यांवर उंच होऊन बघत होता. दोरा केव्हाच गळून गेला होता. टाचेवर सुकलेल्या सालीखाली गुलाबी कातडं धरलं होतं. गर्दीतून एकदम गजर उठला. अश्व गेल्याचं मला टापांवरूनच कळलं.