बर्फावरची वाट

आमच्या कन्येच्या पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या सौभाग्यवती 2018 च्या अखेरीस अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी गेल्या, आणि नातवाचे मुख पाहण्यास 2019 च्या फेब्रुवारीत आम्हीही त्यांच्या मागोमाग गेलो. परीक्षा तोंडावर आल्या असता मुख्याध्यापकाने अर्जित रजेवर जावे हे आमचे आम्हांसच रुचत नव्हते. परंतु नातवापुढे परीक्षेचे काही चालत नाही. आपले गाव थंड हवेचे, याचा आम्हां बेळगावकरांस थोडा अभिमान असतो. तो अभिमान विमानतळाच्या दारातच गळून पडला. आम्ही पोहोचण्यापूर्वी थोडेच दिवस, 30 जानेवारीस, त्या शहराचा पारा शून्याखाली 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. नाकातील ओलावा गोठून केस टोचू लागतात, ही गोष्ट कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात आमच्या वाचनात आली नव्हती.

आठवडाभर खिडकीतून बर्फ पाहून झाल्यावर जावईबापूंनी प्रस्ताव मांडला. त्यांच्या एका सहकाऱ्याचे वृद्ध वडील विस्कॉन्सिन राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी वॉशबर्न या गावी राहत. हिवाळाभर ते गोठलेल्या पाण्यावर झोपडी टाकून मासे धरीत, आणि पाहुण्यांस हौसेने घेऊन जात. मासा आम्हांस वर्ज्य नाही. आम्ही होकार दिला.

अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. आपल्याकडे प्रवासास निघताना दशम्या बांधतात. येथे गाडीच्या पाठीमागे फावडे, वाळूची पिशवी, दोन घोंगड्या, बॅटरी जोडण्याच्या तारा, मेणबत्ती आणि पत्र्याचा डबा असा सरंजाम भरला गेला. मेणबत्ती कशासाठी, असे आम्ही विचारले. वादळात गाडी अडकून बंद पडली, तर डब्यात लावलेली एक मेणबत्तीही आतील माणसांना बराच आधार देते. मात्र काच किंचित उघडी ठेवावी लागते. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हा दुसरा नियम. वाटेत पुष्कळ मोटारींच्या तोंडातून विजेची एक दोरी लोंबताना दिसली, बैलाची वेसण लोंबावी तशी. रात्री ती भिंतीतील विजेस जोडतात, म्हणजे इंजिन उबदार राहते आणि सकाळी कुरकुर न करता सुरू होते.

रस्त्यांवर मीठ टाकून बर्फ वितळवितात हे आम्ही ऐकून होतो. परंतु उणे नऊ-दहा अंशांच्या खाली मिठाची मात्रा फारशी चालत नाही. मग वाळू टाकतात, तीही केवळ चाकास पकड मिळावी म्हणून. सर्वांत कपटी तो काळा बर्फ. तो काळा नसतोच. काचेसारखा पारदर्शक पातळ थर डांबरावर बसतो आणि रस्ता नुसता ओला भासतो. डुलुथ शहराच्या अलीकडे अशाच एका वळणावर आमची गाडी बाजूला सरकू लागली. आम्ही नकळत पायाने नसलेला ब्रेक दाबला. जावईबापूंनी मात्र ब्रेकला स्पर्श केला नाही. पाय उचलला, चक्र हलकेच जायचे त्या दिशेस धरले, आणि गाडी आपसूक सुतासारखी सरळ झाली. त्यानंतर काही मैल कोणीच बोलले नाही.

सुपीरियर सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्यात आपल्या शेजारचा गोवा बावीस वेळा मावेल. खोली कोठे कोठे चारशे मीटरांवर जाते. एवढे पाणी सहजी गोठत नाही. गोठतात प्रथम आडोशाचे उपसागर. वॉशबर्न आणि ॲशलँड यांच्यामधील शिवॉमेगन उपसागर त्यांतला एक. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या (त्यांस आम्ही मनातल्या मनात आजोबाच म्हणत होतो) मागोमाग आम्ही काठावर गेलो, तेव्हा समोर पांढऱ्या मैदानावर रंगीबेरंगी खोपट्यांची एक वस्ती दिसली. धुराडी होती, मोटारी उभ्या होत्या, एक कुत्रे इकडून तिकडे हिंडत होते. यात्रेतील पालेच जणू. फरक एवढाच की यात्रेखाली पाणी होते.

आजोबांच्या गळ्यात दोरीने जोडलेल्या दोन लाकडी मुठी होत्या, प्रत्येकीच्या टोकास अणकुचीदार खिळा. माणूस पाण्यात पडला तर ओल्या बर्फाची कड हातात ठरत नाही. हे खिळे रोवून अंग वर ओढायचे. तशीच एक जोडी त्यांनी आमच्याही गळ्यात घातली. हातात लांब लोखंडी पहार घेऊन ते पुढे, त्यांच्या पावलावर पाऊल टाकीत आम्ही. दर चार पावलांवर ते पहार आपटीत आणि कान देत. निळसर, स्वच्छ बर्फ चार इंच असेल तर माणसाने चालावे. लहान मोटारीस नऊ-दहा इंच हवेत. आणि हिम मिसळून झालेला पांढुरका बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत, असा तेथील हिशेब. तो हिशेब सांगून झाल्यावर आजोबा म्हणाले, की बर्फाने हे आकडे वाचलेले नसतात.

दोनशे पावलांवर पहारेचा आवाज बदलला. आम्हांस काही कळले नाही. आजोबा मात्र थांबले. पुढे केसासारखी एक भेग होती, आणि तिच्या कडेने पाणी झिरपून हिम करडे झाले होते. रात्री वारा जमिनीकडून पाण्याकडे फिरला होता. असा वारा बर्फाचा अख्खा तुकडा माणसांसकट सरोवरात लोटू शकतो. झोपड्या तर समोर, दहा मिनिटांच्या अंतरावर दिसत होत्या. त्यांत माणसेही होती. “मामा, आजचा बेत रद्द,” जावईबापू म्हणाले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यासाठी थोडा धोका पत्करावा, असे त्या वृद्धाच्या मनात क्षणभरही आलेले दिसले नाही. आम्ही हिरमुसलो, हे कबूल करतो.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. तरुणपणी खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यात आम्ही सहशिक्षक होतो. पावसाळ्यात तेथील वाड्या तुटतात. ओढ्यांवर गावकऱ्यांनी लाकडांचे साकव बांधलेले असतात, आणि पुरात तेही बुडतात. एका आषाढात पलीकडच्या वाडीचा एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्यास वर्गासमोर उभे करून, ज्याला शिकायचे असते त्याला पाणी आडवे येत नाही, असे ऐकविले. वाक्य आम्हांस तेव्हा फार आवडले होते. पुढल्या आठवड्यात तो साकवावरून पाणी वाहत असताना आला. पाय घसरला, खालच्या अंगाला लाकडे वेचणाऱ्या एका माणसाने त्यास ओढून काढले म्हणून हात मोडण्यावर निभावले. त्याचा बाप आम्हांस एक शब्दही बोलला नाही. हजेरीपटावरील ते तीन गैरहजेरीचे शेरे मात्र आम्ही तसेच राहू दिले होते.

तिसऱ्या दिवशी वारा पडला होता. आजोबांनी पुन्हा पहारेने वाट तपासली, दुसऱ्याच बाजूने फेरा घेतला, आणि आम्ही एकदाचे खोपटात शिरलो. आत दोन बाके, एक शेगडी, आणि जमिनीत, म्हणजे बर्फात, ताटलीएवढी भोके. ती पाडण्याचे यंत्र सुताराच्या गिरमिटासारखेच, फक्त कमरेएवढे. भोकात सारखा बर्फाचा चुरा जमतो. तो काढण्यास त्यांनी जे आमच्या हाती दिले तो हुबेहूब बुंदी पाडण्याचा झारा होता. गळकाठी हातभरच लांब. बाहेरच्या भोकांवर आजोबांनी छोटी निशाणे लावून ठेवली होती. मासा लागला की निशाण ताडकन उभे राहते.

पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते, म्हणून तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असता हा पाठ आम्ही कितीदा घेतला असेल! त्या भोकात वाकून पाहिले, खाली काळेभोर, जिवंत पाणी हलताना दिसले, तेव्हा आपण इतकी वर्षे काय शिकवीत होतो ते समजले. मधूनच पायांखाली दूरवर तोफ डागल्यासारखा आवाज होई आणि आम्ही बाकावरून उठत असू. आजोबा हसत. बोलणारा बर्फ वाढता बर्फ, असे त्यांचे मत. दुपारपर्यंत दोन व्हाइटफिश मिळाले, दोन्ही त्यांच्याच गळास. सौभाग्यवतींनी मिनियापोलिसला त्यांचे कालवण केले. नारळ डब्यातला होता, तरी बरे झाले.

परतण्यापूर्वी जावईबापूंनी आम्हांस उत्तरेस बेफील्ड येथे नेले. समोर मॅडेलिन बेट आहे. मिशेल कॅडॉट या व्यापाऱ्याने एका ओजिब्वे प्रमुखाच्या कन्येशी विवाह केला. तिच्या मॅडेलिन या ख्रिस्ती नावावरून बेटाचे नाव पडले. ओजिब्वे लोकांचे हे फार जुने, पवित्र ठिकाण. 1854 च्या तहाने त्यांची भूमी आक्रसली, तरी आजूबाजूस त्यांच्या वसाहती आहेत, आणि या सरोवरात मासे धरण्याचा त्यांचा हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये मान्य केला. उन्हाळ्यात बेटावर नाव जाते. पाणी गोठू लागले की नाव थांबते आणि मागे विमानासारखे पंखे लावलेली सपाट बुडाची एक घसरगाडी सुरू होते. ती बर्फावरही चालते आणि बर्फ फुटल्यास पाण्यावरही तरते. बर्फ पुरेसा जाड झाला की सरळ मोटारींचा रस्ता, सुमारे चार किलोमीटरांचा. त्याच्या कडा दाखविण्यास नाताळ सरल्यावर टाकून दिलेली झाडे बर्फात रोवलेली असतात.

त्या रस्त्यावरून आम्ही गेलो. आसनाचा पट्टा सोडलेला, काचा खाली, म्हणजे प्रसंग आलाच तर बाहेर पडता यावे. वेग बैलगाडीहून थोडा अधिक. जोरात गेल्यास बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि ती पुढे जाऊन बर्फ फोडते. आम्ही रामरक्षेस आरंभ केला. ती संपण्यापूर्वी बेट आले.

बेटावर प्राथमिक शाळा आहे. त्यापुढची मुले रोज पलीकडे बेफील्डला जातात, ऋतूप्रमाणे नावेने, घसरगाडीने किंवा या वाटेने. ज्या दिवशी काहीच चालण्याजोगे नसेल त्या दिवशी काय करता, असे आम्ही तेथील एका बाईंस विचारले. प्रश्न त्यांस नीटसा कळलाच नाही. “त्या दिवशी मुले घरी असतात,” त्या म्हणाल्या. आम्ही पुढे काही विचारले नाही.

2023-24 चा हिवाळा तिकडे असाधारण उबदार गेला. बर्फाची वाट झालीच नाही. नाव हिवाळाभर चालली. थोड्या दूरच्या मिनेसोटातील अप्पर रेड सरोवरावर तर 29 डिसेंबर 2023 रोजी बर्फाचा तुकडा सुटून शंभरावर मासेमार वाहत निघाले. सर्वांस वाचविण्यात आले. आदल्या वर्षी नोव्हेंबरात तेथेच सुमारे दोनशे जण असे अडकले होते. कन्येने दूरध्वनीवरून सांगितले, की आजोबांनी त्या वर्षी झोपडी अंगणातून हलविलीच नाही. आमचा नातू तेव्हा पाच वर्षांचा झाला होता आणि त्यास बर्फावर नेण्याचे वचन त्यांनी दिलेले होते. त्याच्यासाठी स्वतः तासलेली वीतभर लांबीची गळकाठी त्यांनी पाठविली नाही. ती त्यांच्या गाडीखान्यात, पहारेशेजारी, खिळ्याला टांगलेलीच राहिली.