भरतीच्या पातळीखालचं घर

लंडनला ईस्ट हॅममध्ये आम्ही एका खोलीसाठी जेवढं भाडं भरत होतो, त्याहून कमी हप्त्यात बॉस्टनला तीन बेडरूमचं घर मिळालं. मागे बाग, पुढे गाडी लावायला जागा, आणि मुलीला पहिल्यांदाच तिची स्वतःची खोली. हे बॉस्टन इंग्लंडमधलं, लिंकनशायरचं बाजारगाव. अमेरिकेतल्या शहराला १६३० मध्ये याच गावावरून नाव मिळालं. लंडनहून यायचं तर किंग्ज क्रॉसला बसायचं, ग्रँथमला उतरायचं आणि स्केगनेसकडे जाणारी छोटी गाडी धरायची. स्लीफर्ड मागे पडलं की चढउतार संपतात. मग नुसती शेतं, सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर, आणि खूप लांबून दिसणारा सेंट बॉटॉल्फ चर्चचा ८१ मीटर उंच मनोरा. गावातले लोक त्याला ‘स्टंप’ एवढंच म्हणतात.

मी नर्स आहे. सरकारी आरोग्यसेवेतली आमची पगारश्रेणी देशभर सारखी असते. लंडनमध्ये वर भत्ता मिळतो, पण तो घरमालकाच्याच खिशात जातो. इथे तोच पगार पुरून उरतो. माझ्या नवऱ्याला भाज्या पॅक करणाऱ्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीचं काम मिळालं, आणि दोन वर्षांत आमच्याकडे शिल्लक दिसू लागली. लिंकनशायरमध्ये ‘इलेव्हन-प्लस’ची परीक्षा अजून टिकून आहे. ती देऊन मुलगी ग्रामर शाळेत गेली. फी नाही.

पण हे गाव स्वस्त आहे असं मी कुणाला सहजासहजी सांगत नाही. रात्रपाळी संपवून घरी येताना हिवाळ्यात अजून अंधार असतो, आणि त्या अंधारात मजुरांच्या मिनीबस शेतांकडे निघालेल्या असतात. कोबी, फ्लॉवर, ब्रसेल्स स्प्राउट. ट्रॅक्टर रांगत पुढे जातो, त्यामागे माणसं वाकून सुरीने गड्डे कापतात, आणि जोडलेल्या गाड्यावर ते तिथल्या तिथे प्लास्टिकमध्ये भरले जातात. पाऊस असो, बर्फाळ वारा असो, सुपरमार्केटची मागणी आली की कापणी थांबत नाही. मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा २००४ मध्ये झाला. मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपल्या वेचणारे चिनी मजूर भरतीत बुडाले, त्या वर्षी. तरी मजुरी किमान वेतनाच्या आसपासच राहते. त्या पैशात इथलंसुद्धा घर घेणं अवघड. माझ्या ओळखीची एक लिथुआनियन बाई कित्येक वर्षं फ्लॉवर कापते आहे आणि अजून एका मोठ्या घरातल्या एका खोलीत राहते, जसे आम्ही ईस्ट हॅमला राहत होतो. घराची किंमत कमी, याचा अर्थ ज्याचा पगार दुसरीकडे ठरतो त्याच्यासाठी कमी. मला हे रोज दिसतं, म्हणून ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुसरी किंमत अंतराची. संध्याकाळनंतर गावाबाहेर जायला बस जवळजवळ नसते. माझ्याबरोबरच्या मुलींपैकी ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्या पाळ्यांची अदलाबदल करत राहतात. सरकारी योजनेतला दंतवैद्य मिळवायला लिंकनशायरमध्ये माणसं वर्षानुवर्षं थांबतात. आमचं नाव ज्या दवाखान्याच्या यादीत होतं त्याने एक दिवस पत्र पाठवून सगळ्यांना खासगी करून टाकलं. मुलीच्या दातांसाठी नॉटिंगहॅमपर्यंत हेलपाटे घातले. गाड्या दोन ठेवाव्या लागतात. ए-१७ वर ट्रॅक्टरच्या मागे अडकलं की पोहोचायची वेळ सांगता येत नाही.

किराण्याचं मात्र नवल वाटावं असं जमलं. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांसाठी लेस्टर किंवा पीटरबरो गाठतो. ताज्या भाजीसाठी बुधवारचा आणि शनिवारचा बाजार आहे. आणि शेपू वेस्ट स्ट्रीटवर मिळतो, पूर्व युरोपीय दुकानात, हिरवागार आणि स्वस्त. त्याच दुकानातल्या केफिरची कढी आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतेच.

आता पाण्याबद्दल. घर घेताना वकिलाने पाठवलेल्या कागदांत पुराच्या धोक्याचा नकाशा होता. आमची गल्ली त्यात गडद निळी. लंडनमधल्या मैत्रिणी म्हणाल्या, सोडून दे. मी सोडलं नाही, कारण माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं आहे. समुद्र अडवून केलेल्या जमिनीवर मी वाढले. बाहेरकाठा म्हणजे समुद्राकडचा बांध कशासाठी, उघाडीची झडप ओहोटीला उघडून आतलं पाणी कसं जाऊ देते आणि भरतीला आपोआप कशी मिटते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इथे विदॅम नदीच्या तोंडाशी हेच सगळं मोठ्या मापाने आहे. उधाणाच्या भरतीची पातळी आमच्या अंगणापेक्षा उंच असते. आतल्या शेतांचं पाणी चरांतून मोठ्या ‘ड्रेन’मध्ये येतं, तिथून पंप आणि दरवाजे ते ‘हेवन’ या खाडीत सोडतात. हे सांभाळणारी ड्रेनेज बोर्डं आहेत. शेतकरी त्यांना थेट पट्टी भरतात, आणि आम्ही घरवाले जो कर नगरपालिकेला देतो, त्यातला मोठा वाटा याच बोर्डांकडे जातो. त्या कराचं बिल आलं की मी कुरकुर करत नाही. रस्ते खराब आहेत, वाचनालयाच्या वेळा कमी झाल्या आहेत, पण पंप चालायलाच हवेत.

५ डिसेंबर २०१३ च्या रात्री उत्तर समुद्रातून आलेली उधाणाची लाट हेवनमधून वर चढली आणि शेकडो घरांत पाणी शिरलं. चर्चमध्येही. मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीवर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. १९५३, १९७८, आणि त्यांच्याही वर २०१३. आमच्या डाव्या बाजूच्या आजींचं घर त्या रात्री बुडालं. परत राहायला यायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. त्यानंतर विमा मिळेना. २०१६ मध्ये ‘फ्लड री’ ही योजना आली, तेव्हा कुठे जुन्या घरांना परवडणाऱ्या दरात पुराचा विमा मिळू लागला. २००९ पासून बांधलेली घरं त्यात बसत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम जुनं घर पाहिलं. २०२० च्या अखेरीस खाडीवर लोखंडी दरवाजा तयार झाला. मोठ्या भरतीचा इशारा आला की तो तळातून वर उचलला जातो. तेव्हापासून आजी डिसेंबरात शांत झोपतात, असं त्याच सांगतात.

याच आजींनी २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. बॉस्टनमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी ७५.६ टक्के लोकांनी तसंच दिलं, देशात सर्वाधिक. मला त्यांनी हे ओळख झाल्यावर लवकरच, चहा ओतता ओतता सांगितलं. गल्लीतली घरं एकेका खोलीने परदेशी मजुरांना भाड्याला गेली, डॉक्टरची वेळ मिळेना, त्यांच्या मुलाला शेतावरचं काम त्या मजुरीत परवडेना. हे त्यांनी शांतपणे मांडलं आणि मी शांतपणे ऐकलं, कारण त्यातलं बरंच खरं आहे. राग मात्र चुकीच्या माणसांवर निघाला, असं मी त्यांना म्हटलं. फ्लॉवर कापणाऱ्या बाईने खोलीचं भाडं ठरवलं नव्हतं. आजींना ते पूर्ण पटलं नाही. पण आमच्या उजव्या बाजूला लिथुआनियन कुटुंब आहे, आणि त्यांच्या धाकट्याला शाळेतून आणायचं काम आजीच करतात. मला हाक मारताना ‘डक’ म्हणतात, त्यालाही तसंच. खरेपणाने आपलं मत तोंडावर सांगणारी आणि गरजेला धावून येणारी अशी माणसं मला लंडनच्या गर्दीत भेटली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. त्यांना राजाचा राजवाडा, थेम्स वगैरे कशातच रस नव्हता. मी त्यांना फ्रीस्टन शोअरला नेलं. तिथे समुद्राला लागून मातीचा बांध आहे, आणि २००२ मध्ये तो मुद्दाम तीन ठिकाणी फोडला. भरतीचं पाणी आत यावं, खाजण वाढावं, त्या खाजणाने लाटांचा जोर खावा आणि मागचा दुसरा बांध सुरक्षित राहावा, हा त्यामागचा हिशोब. बाबा बराच वेळ बांधावर उभे राहिले. बांधाला खांड गेली की रात्री कंदील घेऊन अख्खा गाव चिखल टाकायला धावायचा, ती माती त्यांनी स्वतः वाहिली आहे. पिकती जमीन आपल्या हाताने खाऱ्या पाण्याला द्यायची, हे त्यांना काही केल्या मान्य होईना. मी लाटांचं, मातीच्या थरांचं, पक्ष्यांचं सगळं समजावलं. हिवाळ्यात इथे सायबेरियातून बदकं येतात म्हटलं, तर म्हणाले, बदकांना भात कोण देणार? परतीच्या वाटेत कोबीच्या शेतापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, चरातलं पाणी कोणत्या दिशेने वाहतंय ते पाहिलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बांधावर न्यायला सांगितलं. या वेळी ओहोटीला, म्हणजे फोडलेल्या जागेतून माती किती वाहून जाते ते बघता येईल.