अर्धी राहिलेली गोष्ट

हिवाळ्यात आमच्या पुण्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे दिवस आले, की माझ्या परिचयाची निम्मी मंडळी आठवडाभर भूगोलाच्या भाषेत बोलू लागतात. ‘काल संध्याकाळी तुम्ही हंगेरीत दिसला नाहीत?’ ‘छे हो! हंगेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून तुर्कस्थानात शिरलो.’ ‘मग आज?’ ‘आज सकाळी इराण, आणि पाय दुखले नाहीत तर रात्री अर्जेंटिना.’ २००२ साली हा महोत्सव सुरू झाला तेव्हापासून मी हे संभाषण ऐकत आलो आहे, आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. एरवी शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहते याची ज्यांना वार्ता नसते असे गृहस्थ गळ्यात पास अडकवून, एका हातात वेळापत्रक आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन, कोणा परक्या मुलखातल्या मेंढपाळाचे पुढे काय होणार या चिंतेने तास तासभर रांगेत उभे राहतात. पिशवीत पाण्याची बाटली असते, दशम्या असतात, आणि आतल्या गारठ्यासाठी कानटोपीही असते. हे दृश्य थोडे हास्यास्पद आहे हे मी कबूल करतो. पण त्या रांगेत मीही असतो.

माझा मुलगा मला हसतो. हे सारे चित्रपट हल्ली घरबसल्या, हातातल्या फोनवर पाहता येतात, असे त्याचे म्हणणे. ते खरेही आहे. परंतु घरी नकोसा प्रसंग आला की नुसत्या बोटाने तो थांबवता येतो. चहा करायला उठता येते. चित्रपटगृहातल्या अंधारात, दोनतीनशे अनोळखी माणसांच्या मध्ये बसल्यावर ती सोय नसते. ही गैरसोय किती मोलाची आहे ते मला एकदा फार उशिरा, साठी उलटून गेल्यावर कळले.

त्या वर्षीच्या वेळापत्रकात जुन्या चित्रपटांच्या रकान्यात एक नाव होते: ‘बायसिकल थीव्हज’. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका, इटली, १९४८. या नावापाशी माझी पेन्सिल थबकली. चित्रपटांचा एवढा षोकी म्हणवणाऱ्या मी तो तोवर पाहिलेला नव्हता. संधी पुष्कळ आल्या होत्या. पुण्यासारख्या, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेल्या गावात त्या न येत्या तरच नवल. प्रत्येक वेळी मी म्हणे, ‘गोष्ट ठाऊक आहे आपल्याला. अण्णांनी सांगितलेली आहे.’

अण्णा म्हणजे माझे वडील. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून होते, आणि आम्ही दादरला चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. फिल्म्स डिव्हिजनने तो भरवला होता. २४ जानेवारीपासून १ फेब्रुवारीपर्यंत तो मुंबईत चालला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. आपल्याकडचे ‘आवारा’ आणि शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ त्यात होते, पण गवगवा झाला तो इटालियन चित्रपटांचा. पुढे १९५३ साली बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ काढला. त्याच्यामागे या सायकलीच्या चित्रपटाची प्रेरणा होती हे आता सर्वश्रुत आहे. अण्णांच्या हातून अर्थात तसले काही होणे नव्हते. कचेरीतल्या एका सोबत्याजवळचे उरलेले तिकीट त्यांना मिळाले, ते एकटे जाऊन तो चित्रपट पाहून आले, आणि त्यांनी ती गोष्ट आम्हा मुलांना सांगितली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो.

पुढली चारपाच वर्षे, दिवे गेले की किंवा पावसाने शाळा बुडाली की, आम्ही तीच गोष्ट मागत असू. रोम शहरातला एक बेकार माणूस. त्याला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. आणि सायकल तर गहाण पडलेली! मग त्याची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवते. गहाणवटीच्या त्या दुकानात, आढ्याला भिडलेल्या फळ्यांवर चादरींची गाठोडी रचलेली असतात आणि हिचे गाठोडे ठेवायला एक माणूस माकडासारखा वर वर चढत जातो, हे सांगताना अण्णा स्वतः खुर्चीवर चढत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग रविवारी बाप आणि त्याचा लहानगा मुलगा सारे रोम पालथे घालतात. पाऊस लागतो, भिजतात, भांडतात, बाप मुलाच्या थोबाडीत मारतो, आणि मग त्याची समजूत घालण्यासाठी खिशाकडे न पाहता त्याला खाणावळीत नेतो. तिथे पलीकडच्या मेजावर एक श्रीमंताचा पोर तार सुटणारा कसलासा पदार्थ ऐटीत खात असतो. अण्णा ती तार हाताने इतकी लांब ओढून दाखवीत, की आम्हाला भूक लागे.

शेवटी ते दोघे थकून, जिथे खेळांचा सामना चालू असतो अशा एका मैदानाबाहेर, रस्त्याच्या कडेला बसतात. तेथे अण्णा थांबत.

“मग? सायकल सापडली का?”

“शोधताहेत अजून,” अण्णा म्हणत. “चला, पाने घ्या.”

ही गोष्ट त्यांनी सांगणे सोडले तो दिवस मला आठवतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. गिरगावात एका दूरच्या नातलगांकडे लग्न होते. आई तापाने निजून होती, म्हणून मी आणि अण्णा दोघेच निघालो. महिनाअखेर होती. अण्णांच्या रेल्वेच्या पासाची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली होती; पगाराला तीन दिवस होते. माझे अर्धे तिकीट त्यांनी रीतसर काढले. स्वतः जुन्याच पासावर बसले. उतरल्यावर फाटकाशी मी तिकीट देऊन पुढे बाहेर पडलो आणि मागे वळून पाहिले, तो टी. सी.ने अण्णांचा पास हातात घेतलेला, आणि त्यावरची तारीख तो मोठ्याने वाचीत होता. लोक वळून पाहू लागले. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. त्यांना तसे उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

फाटकाबाहेर वजनाचा एक काटा होता. मी त्या काट्याकडे तोंड केले आणि त्यावरची अक्षरे वाचू लागलो. कोणाला वाटावे, हा मुलगा भलत्याच कोणाबरोबर आला आहे.

“बरोबर कोण आहे?” टी. सी.ने विचारले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले असावे. मी वळलो नाही.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “एकटाच आहे.”

आहेराच्या पाकिटातले पैसे दंडात गेले. रिकाम्या हाताने लग्नाला जाणे अण्णांना जमण्यासारखे नव्हते. आम्ही गिरगावातून दादरपर्यंत चालत घरी आलो. ते पुढे, मी दहा पावले मागे. आईने विचारले, “लग्न कसे झाले?” “छान झाले,” अण्णा म्हणाले, आणि मीही मान हलवली. त्या पावसाळ्यात एकदा दिवे गेले तेव्हा धाकट्या बहिणीने सायकलीची गोष्ट मागितली. “विसरलो मी ती,” असे अण्णांनी तिला सांगितले.

तर त्या वर्षी महोत्सवात मी तो चित्रपट पाहायला बसलो. नव्या चित्रपटांच्या रांगा जिन्यावरून खाली आल्या होत्या. येथे मात्र चांगली जागा मिळाली. सारे ओळखीचे होते. चादरींची गाठोडी होती, पाऊस होता, तार सुटणारा तो पदार्थही होता, आणि तो अण्णांनी दाखवला तितकाच लांब ओढला जात होता. बापाचे काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा नट नव्हे, कारखान्यातला कामगार होता. या चित्रपटानंतर त्याला कारखान्यातली नोकरीही राहिली नाही, असे मी कुठेतरी वाचले होते. त्याचा चेहरा पाहताना ते सारखे आठवत होते. मग ते दोघे मैदानापाशी येऊन रस्त्याच्या कडेला बसले. मी उगाच पासाची दोरी चाचपली. माझ्या लेखी चित्रपट येथे संपला होता.

तो संपला नाही. मैदानाबाहेर शेकडो सायकली रांगेने उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीत एकच सायकल भिंतीला टेकून होती. बाप उठला, बसला, पुन्हा उठला. त्याने मुलाच्या हातावर पैसे ठेवले आणि त्याला सांगितले: तू ट्रामने पुढे जा.

मुलाने पाहू नये म्हणून! खुर्चीच्या दांड्या मी दोन्ही हातांनी धरल्या. घरी असतो तर येथे चहा करायला उठलो असतो. ट्राम भरलेली होती, ती मुलाला मिळाली नाही. आणि सायकल चोरून पळणारा बाप, त्याला धरणारे लोक, त्याच्या श्रीमुखात बसणारी चपराक, हे सारे त्या पोराने पाहिले. तो धावत आला. बापाच्या कोटाला बिलगला. खाली पडलेली हॅट त्याने उचलली आणि हाताने पुसून काढली. त्या मुलाकडे पाहूनच सायकलीच्या मालकाने बापाला सोडून दिले. मग गर्दीतून चालताना मुलाने वर पाहिले आणि बापाचा हात धरला.

आम्हाला गोष्ट अर्धी सांगताना अण्णांच्या मनात आमच्या प्रवासातला तो प्रसंग असणे शक्य नव्हते. तो तर पुढे घडायचा होता. सहा वर्षांच्या पोराला बापाची चोरी कशाला सांगावी, एवढाच त्यांचा हिशेब असेल. पण फाटकाशी उभे राहून ‘एकटाच आहे’ म्हणताना त्यांना गोष्टीचा शेवट पाठ होता आणि मला तो ठाऊक नव्हता, हे त्या अंधारात माझ्या ध्यानात आले. ती वाट ते पुढे चालले, मी मागे. मी दहा पावले भरभर टाकली असती तर? अण्णांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

दिवे लागल्यावर शेजारच्या तरुणाने पास सावरीत विचारले, “काका, आता कुठे? पोलंड आहे वरच्या मजल्यावर. आत्ता गेलो तर जागा मिळेल.” मी म्हटले, “तुम्ही व्हा पुढे.” पेन्सिलीने खुणा केलेले वेळापत्रक मी त्यालाच देऊन टाकले.

घरी नातू जेवायला बसला होता. सूनबाईंनी विचारले, “कसा होता सिनेमा?” मी हातपाय धुऊन पाटावर बसलो आणि पहिल्यापासून सांगू लागलो. चादरींच्या गाठोड्यांपाशी मला खुर्चीवर चढता आले नाही. पण तार मात्र मी पुष्कळ लांब ओढली. मैदानाबाहेर बापलेक रस्त्याच्या कडेला बसले, तेव्हा नातवाचा घास हातातच राहिला.

“आजोबा, सायकल सापडली का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि ट्रामपासून पुढची गोष्ट सांगायला घेतली.