गंजाखालचा पत्रा

धारवाडचा पाऊस मुक्कामी असतो. जूनमध्ये मलनाडाकडून ढग यायला लागले की आठवडेच्या आठवडे झिमझिम थांबत नाही. आंब्याला, भाताला, माणसाच्या मनाला हा पाऊस मानवतो. लोखंडाला मात्र तो सोसत नाही. माळमड्डीत आमच्या घरामागे आंब्याखाली उभी असलेली बाबांची फियाट याच पावसाने हळूहळू खाल्ली.

ही फियाट ११०० डिलाइट. १९६४ पासून हे मॉडेल मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागलं. चार सिलिंडरांचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच जोडलेला गिअरचा दांडा, लांबरुंद बाक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. पुढे १९५६ मध्ये राज्य बदललं, तरी इथल्या मराठी घरांना कुर्ला कधी परकं वाटलं नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी, मग एके दिवशी गाडी दारात यावी, असा तो काळ. अशी मिळालेली गाडी घरच्यांपैकीच एक होऊन जाई. म्हणून बाबांच्या मागे तिला भंगारात द्यायला मन धजेना.

गंज म्हणजे काय, हे तिच्यावर हात ठेवल्यावर कळलं. पाणी आणि हवा मिळून लोखंडाचा जो लालसर भुगा करतात, त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो आतून फुगतो, रंगाला फोड आणतो. वर बोटाएवढा फोड दिसतो, खाली हात जाईल एवढं भोक असतं. आंब्याची पानं पुढच्या काचेखालच्या जाळीत साचली होती. तिथून पाणी वाहून जाण्याची वाट बुजली आणि ते आत उतरलं. खालून ओली तांबडी माती, वरून कुजलेली पानं; मधला पत्रा दोन्हीकडून झिजत गेला.

हुबळीहून मिस्त्री आले. कन्नड, दखनी आणि मराठी तिन्ही त्यांच्या तोंडात सहज नांदतात. मला वाटलं, आल्याआल्या ग्राइंडर चालू करतील. त्यांनी खिशातून लहानसा हातोडा काढला.

"सावकाश री, अक्का. आधी ऐकून घेऊ, मग कापू."

आणि मडकं घेताना वाजवून बघावं तसा त्यांनी अख्खा पत्रा वाजवला. धड पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला दबक्या, भसाड्या आवाजात. जिथे आवाज बसला तिथे खडूने खूण केली. काम संपल्यावर बघितलं तर खडू होता त्याहून मोकळी जागा किती तरी अधिक होती. गाडी वाटली होती तेवढी गेलेली नव्हती.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दारांखालची पट्टी एकदम कापून काढली तर दारांची चौकट वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून आधी चारही बाजूंनी भक्कम ठोकळे लावायचे, दारांच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करायची, आणि मगच एका वेळी एकच तुकडा काढून तिथे नवा पत्रा बसवायचा. उघडं लोखंड धारवाडच्या हवेत एका रात्रीत लाल होतं. तेव्हा वेल्डिंग झालं की त्याच दिवशी घासून रेड ऑक्साइड लावायचं. बारीक खड्ड्यांतल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, आणि बंद पोकळ्यांमध्ये मेण.

सोपी वाटही आहे. भोकात लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायची, वर चकचकीत रंग मारायचा. अशी गाडी फोटोत सुंदर दिसते, पण लांबीखाली गंज जगतच राहतो आणि दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा वर येतात. मिस्त्रींना ते मान्य नव्हतं, मलाही नाही. दारांच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे कारखान्यातला मूळ रंग अजून टवटवीत होता. तो आम्ही तसाच ठेवला.

इंजिन अडकलेलं होतं. अशा वेळी स्टार्टर मारणं म्हणजे पिस्टनच्या रिंगा मोडणं. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं, ते मुरू दिलं, मग हँडल हातानेच थोडं मागे, थोडं पुढे केलं. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट राळ झालं होतं, ते धुऊन काढलं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला बाधतं, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. आणि इंजिनाच्याही आधी ब्रेक. चारही चाकांचे सिलिंडर खोलले, रबरं नवी घातली. गाडीला चालण्याआधी थांबता आलं पाहिजे.

सुटे भाग बाजारात सगळे मिळत नाहीत, पण हुबळीत ते घडवता येतात. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच इथे वर्कशॉप उभारलं आणि या गावाला फिटर-टर्नरांच्या पिढ्या दिल्या. झिजलेला बुश दाखवला की लेथवर तस्साच दुसरा उतरवून देणारे हात अजून आहेत. मात्र त्यातले बरेच आता पिकले आहेत. कार्बोरेटर कानाने लावणारा माणूस निवृत्त झाला की ती विद्याही त्याच्याबरोबर घरी बसते. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. फियाटच्या वंशातल्या त्या गाड्यांबरोबर त्या दुरुस्त करणाऱ्यांची रोजची गरजही संपत आली.

तरी कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार आजही रस्त्यावर येते, आणि तिच्या टिकण्याचं मर्म त्या चालण्यात आहे असं मला वाटतं. कायदाही आता बाजूने आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या खासगी गाडीची 'व्हीए' मालिकेत नोंद होते. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क. नोंद दहा वर्षं चालते. मूळ रूपात फार फेरफार केलेली गाडी मात्र त्यात बसत नाही. मिस्त्रींचा हातोडा जे सांगत होता, तेच नियमही सांगतो: सडलेलं तेवढंच काढा, धड आहे ते राखा.

तुमच्या परसात अशी एखादी गाडी असेल तर या पावसाळ्याआधी एवढं करा. तिला मातीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा. काचेखालची पानं काढा. प्लास्टिकच्या कापडात गुंडाळू नका, आत ओल कोंडते. वर छप्पर घाला आणि वारा खेळू द्या. मग गावातला जुना मिस्त्री शोधा आणि त्याच्या शेजारी घरातलं एखादं तरुण पोर उभं करा. गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागला तरी चालेल, पण त्या पोराला पत्रा ऐकायला शिकवा.