फाटकापाशी अडकलेली मोटार

तुळशीबागेतून बाहेर पडलं की विश्रामबागवाड्यासमोर जरा थांबायचं, ही माझी जुनी सवय. पिशवी खाली, मान वर. दुसऱ्या बाजीरावाच्या हौसेचे ते सुरूच्या घाटाचे लाकडी खांब, वर कुठेतरी घुमणारी कबुतरं, पाठीशी ‘ताई, बघा तरी’ म्हणणारा कानातलेवाला.

१९३४ साली पुण्याची नगरपालिका याच वाड्यात होती. २५ जूनला गांधीजी नगरपालिकेचं मानपत्र घ्यायला निघाले होते. अस्पृश्यता निवारणासाठी त्यांचा हरिजन दौरा चालू होता. आदल्या नोव्हेंबरपासून ते गावोगाव हिंडत होते, सनातन्यांचे काळे झेंडे झेलत. त्यांच्या आधी दुसरीच मोटार येऊन पोचली आणि बाँब तिच्यावर पडला. नगरपालिकेचे मुख्याधिकारी, दोन पोलीस आणि आणखी सात जण जखमी झाले. गांधीजींची मोटार म्हणे वाकडेवाडीच्या रेल्वे फाटकापाशी अडकली होती.

त्या ‘म्हणे’पाशी मी दरवेळी रेंगाळते. फाटक पडलं की आपण घड्याळ बघतो, रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो. त्या मोटारीतही कुणीतरी चुळबुळलंच असेल की, मानपत्राला उशीर होतोय म्हणून.

कार्यक्रम पार पडला. बाँब फेकणारा कधीच सापडला नाही. गांधीजींना त्याची कीव आली. तो सापडला असता तर त्याला सोडून द्या म्हणालो असतो, असं त्यांनी सांगितलं. दक्षिण आफ्रिकेत अंगावर धावून आलेल्यांसाठीही त्यांनी हेच मागितलं होतं.

इथवर ठीक. थोर माणसाकडून आपण एवढं धरूनच चालतो. मला अडतं ते पुढे. दोन आठवडेही झाले नसतील, अजमेरच्या सभेत लालनाथांच्या डोक्यावर काठी बसली. हे लालनाथ कट्टर सनातनी, दौऱ्याच्या मागे हात धुऊन लागलेले. मारणारे सुधारक, म्हणजे गांधीजींच्याच बाजूचे. गांधीजींनी सात दिवसांचा उपास जाहीर केला आणि ७ ऑगस्टला वर्ध्यात तो सुरू केला. स्वतःवरच्या बाँबसाठी कीव पुरली होती.

मी त्या सभेत असते तर? काठी नसती उचलली, एवढं नक्की. पण लालनाथ खाली वाकले तेव्हा शेजारणीला हळूच म्हटलं असतं, ‘बरं झालं.’

कानातलेवाला भावावरून खाली उतरलाय. मी पिशवी उचलते.