रविवारी धुतलेली टाकी

‘दिवाणखान्याची शोभा वाढवणारे मत्स्यालय’ असा विषय संपादकांनी सुचवला. शोभेवर बोलणारे पुष्कळ आहेत. टाकी उत्तरेला ठेवावी की ईशान्येला, गोल्डफिश आठ असावेत आणि काळा एकच का, याचे जाणकार तर घरोघरी भेटतात. पाण्यात अमोनिया किती, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. माझे म्हणणे असे की, घरच्या टाकीतले बरेचसे मासे आपल्या स्वच्छतेच्या हौसेपायी मरतात, आणि दोष मात्र ‘मासेच नाजूक होते’ असा त्यांच्यावर येतो.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत तो विरळ होतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावते, तिथे त्याला जायला वाटच नसते. ही वाट जिवाणू करून देतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होते. पहिली दोन विषारी, तिसरे माशांना बऱ्यापैकी सोसते. ही साखळी नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच संध्याकाळी घरी आणणाऱ्याला दुकानदार हे सहसा सांगत नाही. शिवाय हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी आणि काच यांना चिकटून राहतात. दर रविवारी टाकी रिकामी करून खडी-स्पंज नळाखाली चोळून धुणारा माणूस त्यांचीच वस्ती उठवतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उरलेले जिवाणू मारतो आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतो.

इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. नायट्राइट संपवणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असे आमच्या क्षेत्रातली पुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जिवाणू जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा गटाचे निघाले. नायट्रोबॅक्टर आढळलाच नाही. 2015 मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवले की काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात. त्यांतला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. ज्या जिवाणूच्या जोरावर आमचा सगळा उपदेश चालला होता, त्याचे नावच आम्ही चुकीचे घोकत होतो, ही गोष्ट मला अजून टोचते. पण नाव बदलले तरी सल्ला बदलला नाही. ‘झटपट जिवाणू’च्या बाटलीत नेमके कोण आहे आणि ते जिवंत आहे का, हे लेबलवरून सहसा कळत नाही. त्यापेक्षा विरजण लावावे तसा निरोगी जुन्या टाकीतला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवावा.

यावर आक्षेप येतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडलेले गप्पी मासे फिल्टरशिवाय जगतातच ना? जगतात, कारण तिथे पाणी भरपूर असते, शेवाळ अमोनिया शोषते आणि वरून रोज खाद्याची मूठ टाकणारे कुणी नसते. बेट्टा मासा हवेतून श्वास घेतो, मग त्याला काचेचा वाडगा का चालू नये? हवेतून श्वास घेता आला म्हणून अमोनियाचे विष चुकत नाही. पाणी नितळ असताना विषारी कसे? अमोनियाला रंग नसतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणूनच आम्लधर्मी झालेल्या जुन्या टाकीत एकदम बरेचसे ताजे पाणी भरले की पीएच चढतो, आणि ‘स्वच्छ केली आणि मेले’ हे कोडे पडते.

तेव्हा आठवड्याला पाव भाग पाणी बदला, तेही क्लोरीन काढून. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. मासे थोडे ठेवा, खाद्य त्याहून थोडे. आणि यंदा कुणाला दिवाळीची भेट म्हणून फिश टँक देणार असाल, तर टाकी आत्ता द्या. मासे दीड महिन्याने.