दुनळीबाई

या दुनळीबाई. बारा बोअर. नळ्या शेजारी-शेजारी नाहीत, एकीवर एक. परवान्यावर मालकाच्या नावासोबत यांचाही नंबर असतो, त्यामुळे रुबाब लग्नाच्या बायकोचा. हात मात्र लावू नका.

आज त्या तुघलकाबादच्या रेंजवर होत्या. ट्रॅपच्या पाच फेऱ्या, फेरीला २५ तबकड्या. किती फुटल्या हे मालकाला विचारू नका. रेंजला नाव आहे बिकानेरच्या डॉ. कर्णी सिंग महाराजांचं. १९६२ साली ट्रॅपमध्ये जागतिक रौप्यपदक मिळवलेले. तिथून परतल्या की बाईंना राजघराण्याचा वारा लागलेला असतो.

घरात पाऊल टाकताच त्यांच्या आत्याबाई होतात. मालकाचा चहा नंतर, आधी यांचे पाय चोळा. पण त्याआधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, हे उघडून डोळ्यांनी पाहायचं. ‘रेंजवर पाहिलं होतं’ ही सबब चालत नाही. मग नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता असे तीन तुकडे सुटे होतात.

काडतुसातला प्लास्टिकचा वॅड जाता जाता आपली साल नळीला चिकटवून जातो. त्यावर शिसं, वर दारूची काजळी. नुसत्या कापडाला हे थोडंच जुमानतं! तेल सोडून जरा थांबायचं आणि गजाला काशाच्या तारांचा ब्रश लावून काडतुसाच्या बाजूने पुढे ढकलायचा. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेताना घरातली म्हातारी माणसं कशी निवांत होत, तशा बाई निवतात. मग जुन्या धोतराच्या चिंध्या: पहिली काळी, दुसरी करडी, आणि पांढरी निघेपर्यंत सुटका नाही. नळी उजेडाकडे धरली की आत प्रकाशाच्या बांगड्या एकीपुढे एक भरलेल्या. त्या दाखवायची बाईंना भारी हौस.

तोंडाशी आट्यांचा चोक असतो. तो काढून, पुसून, ग्रीसचं बोट लावलं नाही, तर पुढे पान्यालाही दाद देत नाही.

राग मात्र मुका. गेल्या पावसाळ्यात एका भाच्याने ‘वा, काय चीज आहे!’ म्हणत घामट हाताने नळी कुरवाळली. त्या रात्री पुसायचं राहिलं. पुढच्या रविवारी निळ्या-काळ्या नळीवर त्याचा अंगठा तांबूस गंजात जसाच्या तसा. पोलिसांनाही इतका स्वच्छ ठसा मिळत नसेल. ओल्या अंगाने म्यानात झोपवलं तरी हाच प्रकार.

तेल आवडतं, पण सोसत नाही. बिजागरीला ग्रीसचा ठिपका पुरे. खटक्यांत तेल ओतलं तर काजळी धरून चिकटा होतो. दस्त्याच्या अक्रोडात मुरलं तर लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. म्हणून स्नानानंतरची पहिली रात्र बाई कुलूपबंद कपाटात खाली डोकं करून काढतात.

सकाळी खालच्या वर्तमानपत्रावर तेलाचे दोन गोल डाग. मालक ते बघतो, कागद बदलतो आणि कपाटाला पुन्हा कुलूप घालतो.